चमचाभर विरजण

अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात हेमा सबनीसचा हात धरणारं पुण्याच्या त्या संस्थेत कोणी नव्हतं. मंत्री आले की संचालक कारखानीस सर तिलाच पुढं करायचे. शाळांच्या सहली आल्या की मुलं तिच्याभोवती कोंडाळं करायची. तिला ते आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात या कौतुकातच होती, असं तिला नंतर कित्येकदा वाटलं.

तिचं काम होतं पेशीशिवाय प्रथिनं बनवण्याचं. प्रथिनं पेशींत बनतात हे आपण शाळेतच शिकतो. पण पेशीला स्वतःचा संसार असतो. तिला आधी जगायचं असतं, वाढायचं असतं; आपलं काम ती सवडीनं करते. म्हणून निरुपद्रवी जिवाणू वाढवायचे, ते फोडायचे आणि आतला रस काढून, वाळवून त्याची पूड पाकिटात भरायची. प्रथिनं जुळवणारी सगळी यंत्रणा त्या रसात शाबूत राहते, जीव मात्र राहत नाही. त्या पुडीत पाणी घातलं, बांधकामाचा कच्चा माल घातला आणि काय बनवायचं त्याची कृती म्हणून डीएनएचा एक तुकडा दिला, की ती निमूटपणे तेवढंच बनवते. हेमाच्या पाकिटात फुरशाच्या विषाला घट्ट धरून ठेवणारं एक छोटं प्रथिन बनायचं. फुरसं हा कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, दगडाच्या फटीत बसणारा हातभर साप. तो चावला की रक्त गोठायचं विसरतं आणि चावलेली जागा सडू लागते.

अडचण होती इंधनाची. हे बांधकाम फुकटात होत नाही, प्रथिनाच्या साखळीत एक कडी जोडायची म्हटली की ऊर्जा लागते. ती पुरवणारं जे रसायन जगभर वापरत, ते परदेशातून बर्फात यायचं, आणि पाकिटाच्या किमतीत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच असायचा. शिवाय ते गवतासारखं भसकन पेटून विझायचं. दोन तासांत काम बंद, आणि मागं उरलेल्या फॉस्फेटचा कचरा यंत्रणेच्या वाटेत आडवा. हेमानं त्याऐवजी तवकीर वापरून पाहिली. उपवासाला लापशी करतात तीच, कंदाचा पांढराशुभ्र स्टार्च. त्या रसातलेच काही घटक स्टार्चची साखळी एकेक दाणा करून तोडतात, आणि तोडताना तोच कचऱ्यातला फॉस्फेट उचलून वापरतात. कचरा पुन्हा इंधनात जातो. तवकीर जळताना थोडं आम्ल सुटतं, ते शोषून घ्यायला एक क्षार मोजून पाकिटात टाकला की झालं. पाकीट चहाच्या भावात आलं, त्याला बर्फाची गरज उरली नाही. फक्त एक होतं. दोन तासांचं काम आता बारा तास चालायचं.

बारा तास म्हणजे काही फार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. ते मत देणाऱ्यांत पाकिटाजवळ बारा तास थांबावं लागणारं कोणी नव्हतं.

मे महिन्यात कणकवलीच्या एका सभागृहात उपकेंद्रांच्या चौदा सिस्टरना हेमानं शिकवलं. दर सोमवारी सकाळी पाकिटात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, उबदार पेटीत ठेवायचं, बारा तासांनी ते गाळणनळीतून दाबून काढायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. औषध आठवडाभर टिकतं. उरलेलं पुढच्या सोमवारी टाकून द्यायचं. झालं की नाही हे पाहायला एक कागदाची पट्टी. त्यात प्रथिन असेल तर ती हिरवी होते.

मागच्या रांगेतून आंबेरखोल उपकेंद्राच्या वासंती घाडी सिस्टरनी हात वर केला. चाळिशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. "मॅडम, ह्याच्यात जिवंत असं काहीच नाही म्हणता, मग ते आपोआप बनतं कसं?"

"तुम्ही घरी विरजण लावता ना?" हेमा म्हणाली. "दूध कोमट करता, चमचाभर विरजण घालता, झाकून ठेवता. मग काही तिथं बसून दही बनवत नाही तुम्ही. हे तसंच. पाकीट म्हणजे विरजण समजा. उबेला ठेवा आणि विसरून जा."

सभागृहात हशा पिकला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते 'कळलं' उमटलं, ज्यासाठी हेमा जीव टाकायची. उदाहरण एका जागी चुकतंय हे तिला त्याच क्षणी जाणवलं होतं. दही जिवंत असतं, त्यातलंच चमचाभर पुढच्या दह्याला विरजण होतं. पाकिटाचं तसं नाही, ते एकदाच चालतं. हे सांगायला हवं होतं. पण बाहेर जेवणाची पानं मांडली जात होती आणि हशा अजून ओसरला नव्हता. घाडी सिस्टर वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. हेमानं माइक ठेवला.

*

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कारखानीस सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आंबेरखोलच्या सड्यावर गवत कापताना सुलभा मेस्त्री नावाच्या बाईला फुरसं चावलं होतं. अर्ध्या तासात तिला उपकेंद्रात आणलं, घाडी सिस्टरनी औषध टोचलं. आता धोका नाही असं समजून चार तास तिला तिथंच ठेवलं. सूज चढतच गेली तेव्हा मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं जुनं, घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध दिलं आणि बाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कापावी लागली.

"शिलाईकाम करते म्हणे," सर म्हणाले. "फ्रीजमधला उरलेला नमुना आलाय. बघ काय ते."

नमुन्यात औषध होतं, पण हवं त्याच्या पाव भागसुद्धा नाही. आणि तो आंबट होता. एका पाकिटात तेवढं आम्ल सुटणं शक्यच नव्हतं. दोन दिवस हेमा त्या आकड्याकडे बघत बसली. आम्ल बाहेरून आलं असेल तर ते अशाच दुसऱ्या पाकिटातून आलेलं असणार, जुन्या पाकिटातून. आणि मग तिला वहीत लिहिणाऱ्या घाडी सिस्टर आठवल्या.

कोणीतरी मागच्या सोमवारचं चमचाभर राखून नव्या पाकिटात घालत होतं. त्या चमच्यात मागचं तयार औषध असणारच, म्हणून पट्टी चार तासांतच हिरवी व्हायची. नवं औषध बनायला जेमतेम लागलेलं असताना पाकीट गाळलं जायचं. दर आठवड्याला आम्ल साठत चाललं होतं, औषध पातळ होत चाललं होतं, आणि पट्टी न चुकता हिरवी होत होती.

तिनं मोबाइल काढला. घाडी सिस्टरचा मेसेज शोधायला वेळ लागला नाही, कारण त्यांनी एकच पाठवला होता, ऑगस्टच्या सात तारखेला. 'नमस्कार मॅडम. मागच्या वेळचं चमचाभर विरजणासारखं घातलं की पट्टी दुपारी एकलाच हिरवी होते. मग मला सव्वापाचची शेवटची एसटी मिळते, नाहीतर सोमवारी रात्री केंद्रातच झोपावं लागतं. असं केलं तर चालेल ना?'

खाली हेमाचं उत्तर होतं, दोन मिनिटांनी गेलेलं. 'छान! असंच चालू ठेवा.'

तिला मेसेज आठवेना, उत्तरही आठवेना. रोज शंभर लोक काही ना काही पाठवायचे आणि ती पहिल्या दोन शब्दांवर उत्तर द्यायची. तिनं सात ऑगस्टची डायरी काढली. त्या सकाळी ती दिल्लीत होती, प्रकल्पावर भाषण करत. म्हणजे हे उत्तर तिनं व्यासपीठावर बसल्या बसल्या, आपली पाळी यायच्या आधी पाठवलं होतं. भाषणातला पहिलाच फोटो वासंती घाडींचा होता, हातात पाकीट धरून हसणाऱ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मोबाइल तिनं टेबलावर पालथा घालून ठेवला, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

*

चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. तीन डॉक्टर, एक टंकलेखक आणि समोर घाडी सिस्टर. त्यांना आधीच कामावरून बाजूला केलं होतं. हेमा तज्ज्ञ म्हणून एका बाजूला बसली होती.

आदल्या दिवशी कारखानीस सरांना तिनं मेसेज दाखवला होता. त्यांनी तो वाचून मोबाइल परत दिला. मग म्हणाले, "खोटं बोल असं मी सांगणार नाही. पण विचारल्याशिवाय बोलू नकोस. पुढच्या महिन्यात तीनशे उपकेंद्रांचा निर्णय आहे. हे बाहेर आलं तर प्रकल्प वर्षभर गुंडाळून ठेवतील. त्या वर्षात किती जण साप चावून मरतील, तूच सांग." ते काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांचा हिशेब बरोबर होता, म्हणूनच हेमाला तो खोडता येईना.

"बारा तासांऐवजी चार तासांत पाकीट काढत होतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"होय."

"जुनं औषध नव्यात मिसळत होतात. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

आता त्या माझ्याकडे बघतील, तिला वाटलं. बघितलं तर बरंच होईल, असंही वाटलं.

घाडी सिस्टर टेबलाकडे बघत म्हणाल्या, "कोणी नाही. माझ्या मनानं केलं."

"प्रशिक्षणात असं काही सांगितलं होतं का?"

"नाही. मॅडमनी सगळं नीट सांगितलं होतं."

अध्यक्षांनी हेमाकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," हेमा म्हणाली. तिचा स्वर अगदी नेहमीसारखा आला, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

दुपारी तिनं घाडी सिस्टरना आवारातल्या आंब्याच्या पाराशी गाठलं. त्या डबा उघडून बसल्या होत्या, पण खात नव्हत्या.

"तुम्ही मला मेसेज केला होता," हेमा म्हणाली. "मी हो म्हटलं होतं. सांगितलं का नाहीत?"

"तो मी पुसून टाकला, मॅडम. चौकशीचं पत्र आलं त्याच दिवशी." सिस्टरनी डबा बंद केला. "आमच्याकडून मोठा दवाखाना दोन तासांवर. दोन वर्षांपूर्वी माझ्या मांडीवर एक पोर गेलं वाटेत, फुरशानंच. तुमचं औषध आल्यापासून मी सहा माणसं घरी पाठवलीत. तुमचं नाव खराब झालं तर ते बंद पडेल. माझं झालं तर काय, दुसरी सिस्टर येईल."

"पण चूक माझी होती."

"चार तासांत मी काढलं. बारा सांगितले होते तुम्ही, कानांनी ऐकलं होतं मी." त्या थांबल्या. "मला एसटी पकडायची होती. त्याचं ओझं माझ्याकडेच राहू दे."

हेमाला वाटलं होतं, सिस्टर चिडतील, निदान एखादा टोमणा मारतील. तसं झालं असतं तर तिला सोसलं असतं. ही बाई मात्र तिला सांभाळून घेत होती. हेमा तिथून जवळजवळ पळाली.

*

पुण्याला परतायच्या आधी सुलभा मेस्त्रीला भेटून यायचं तिनं ठरवलं. माफी मागायची, संस्थेतर्फे काय करता येईल ते विचारायचं, एवढंच मनात होतं. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

आंबेरखोलला रस्त्यालगतच्या पडवीत शिलाई मशीन होतं. सुलभा पस्तिशीची असावी. उजव्या हाताला पांढरी पट्टी, डाव्या हातात सुई.

"येवा, बसा," ती म्हणाली. हेमानं कोण ते सांगितलं तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं सुई पुढं केली. "आधी एवढो दोरो ओवून द्या. डाव्या हाताक अजून सवय नाय."

हेमानं सुई घेतली. दोरा तीनदा बाजूनं गेला. चौथ्यांदा दोरा आत गेला.

"मला वाईट वाटतंय," हेमा म्हणाली. हे वाक्य किती पोकळ आहे ते तिला उच्चारतानाच कळलं.

"तुमी कित्याक वाईट वाटून घेतास? औषध चांगला होता तुमचा. साहेब सांगी होते, नीट केला असता तर बोटां वाचली असती." सुलभानं खिडकीबाहेर मान वळवली. रस्त्यापलीकडच्या चढावर उपकेंद्राची पांढरी भिंत दिसत होती. "त्या वासंतीक घराक जावची घाई. बारा तास ऱ्हवाक नको होता तिका. बारा वर्सां मी तिचे कपडे शिवतंय. तिना माका सांगितल्यान, सुलभा, भिया नको, औषध दिलंय. आणि मी इश्वास ठेवलंय."

हेमा गप्प बसली. गप्प बसायची तिला आता सवय होऊ लागली होती. प्रकल्प वाचेल. तीनशे उपकेंद्रं. सुलभा वासंतीला दोष देत राहील, आणि वासंती कामावर परत आली तरी दोघी रोज एकाच रस्त्यानं जातील. तिनं तो रस्ता नजरेनं मोजला. शंभर पावलंही नव्हता.

"वाचता येतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"दहावी आसंय मी."

हेमानं मोबाइलवर तो मेसेज काढून तिच्या डाव्या हातात दिला.

सुलभा सावकाश वाचत गेली. मग खालचं उत्तर वाचलं. पुन्हा वर गेली, तारीख पाहिली.

"ह्या तुमी लिवलास?"

"हो."

"तिना इचारलेला. आणि तुमी सांगितलास चालू ठेवा."

"मी वाचलं नव्हतं. न वाचताच उत्तर दिलं. आणि ते विरजणाचं उदाहरण मीच दिलं होतं, शिकवताना. पुढचं अर्धं सांगायचं राहिलं. चौकशीत विचारलं तेव्हाही मी गप्प बसले."

सुलभा ओरडेल, मोबाइल भिरकावेल, असं हेमाला वाटत होतं. पण तिनं मान वळवून चढावरच्या त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू असा बदलला की हेमाला बघवेना.

"तीनदा इली ती," सुलभा म्हणाली. "दवाखान्यात येक येळ. हय दोन येळा. दार वाजवन वाजवन गेली. मी आत बसान ऱ्हवलंय, उघडूक नाय. पोरांकाय सांगितलंय, तिच्याशी बोला नको." तिनं मोबाइल परत दिला. "आता मी खयच्या तोंडान जाव तिच्याकडे?"

आपला अपराध आपल्यापुरता आहे असं ती इतके दिवस समजत होती. तो या पडवीत येऊन, बोटं गमावलेल्या बाईच्या गळ्यातही पडला होता.

"ह्या त्या साहेबांक म्हायती आसा?"

"नाही."

"मग पाठवा. माज्या समोर पाठवा."

हेमानं अध्यक्षांचा नंबर काढला. मेसेजचा फोटो जोडला. खाली लिहिलं, 'चौकशीत मी खरं सांगितलं नाही. वासंती घाडी यांनी मला विचारून हे केलं होतं.' तीनशे उपकेंद्रं डोळ्यांसमोर आली. वाटेत मांडीवर गेलेलं, कधी न पाहिलेलं पोर आलं. प्रकल्प थांबला तर पुढच्या पावसाळ्यात असं आणखी कुणी जाईल, आणि तेही तिच्याच खात्यात राहील. यातून स्वच्छ सुटायला वाट नव्हती. यावेळी तिनं प्रत्येक शब्द दोनदा वाचला आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत कारखानीस सरांचा फोन वाजू लागला. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला.

सुलभानं मशीनच्या खणातून आकाशी रंगाचं एक कापड काढलं. युनिफॉर्मचा कुर्ता होता, एक बाही लावलेली, दुसरी टाचणीनं अडकवलेली.

"वासंतीचो," ती म्हणाली. "दसऱ्याक देवचो होतो. नुसत्या हातान जावक बरा नाय." तिनं कापड सुईखाली सरकवलं. उजव्या हातानं ते धरायला गेली आणि पट्टीतला हात तसाच वर राहिला.

हेमा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. "कुठं धरू?"

"हय. आणि तटवा नको, सोडीत ऱ्हवा."

सुलभा पायानं मशीन चालवू लागली. हेमा दोन बोटांनी कापड धरून सोडत राहिली. टाके वाकडे पडत होते, सुलभा थांबत होती, उसवत होती, पुन्हा घालत होती. तास उलटला तरी बाही अर्धीच झाली होती. रस्त्यावरून सव्वापाचची एसटी गेली. दोघींनीही मान वर केली नाही.